१२ जुलै : पानशेतही हवं

१२ जुलैच्या दिनविशेषांच्या यादीत १६६० सालची शिवाजी महाराजांची पन्हाळ्याहून सुटका आली, १९८२ सालची नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या बँकेची स्थापनाही आली. पण १९६१ साली पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, ते राहिलंय, ते कृपया घाला. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण, काम अजून अपुरं. रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते धरून ठेवलं, म्हणून ते फुटलं दिवसा. रात्रीच फुटतं, तर झोपेतलं पुणे वाहून गेलं असतं. त्या लोंढ्याने पुढे खडकवासला धरणाची जुनी दगडी भिंतही फुटली आणि शहराचं पिण्याचं पाणीच तुटलं. ओंकारेश्वर मंदिराजवळचे आणि शनिवार, नारायण पेठेतले वाडे कोसळले. त्या जवानांची आठवण याच तारखेला व्हायला हवी, असं मनापासून वाटतं.