साडीसाठी व्हर्च्युअल ट्राय-ऑन कुणी वापरलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वहिनी आणि मी दादरहून इन्स्टाग्रामवर साड्या-कुर्ते विकतो. हल्ली बायका स्वतःचा फोटो पाठवून विचारतात, "ही माझ्यावर कशी दिसेल?" म्हणून एक एआय ट्राय-ऑन ॲप घेतलं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोटोवर आपला कपडा चढवून दाखवणारं. कुर्ता झकास दिसतो, साडीची मात्र पार वाट लागते. निऱ्या कमरेपाशी गायब, पदर भलत्याच खांद्यावर, आणि पैठणीच्या पदरावरचे मोर म्हणजे नुसते हिरवे ठिपके! काठाची रुंदीही ते स्वतःच्या मनाने ठरवतं. उद्या गिऱ्हाईक भांडायला येईल, फोटोत काठ मोठा होता म्हणून.

गूगलने 2023 मध्ये अमेरिकेत असं ट्राय-ऑन सुरू केलं तेही बायकांच्या टॉप्सपासून, त्यामुळे साडी अवघड जाणार हे कळतं. (मापाचं तर सोडाच. ब्लाउज काखेत काचतो का, हे फोटो थोडाच सांगणार!)

तर, नेसलेली साडी नीट दाखवणारं काही आहे का? मूळ फोटो साडी पसरून काढावा की पुतळ्याला नेसवून? आणि गिऱ्हाइकांचे फोटो ॲपवर चढवायला मेसेजमधलं 'हो' पुरतं, की रीतसर संमती लिहून घ्यावी? कुणी वकील असाल तर प्लीज सांगा.

"वहिनीलाच नेसवून रील काढ" हा सल्ला नको, ती तयार नाही.