कार्बोरेटरच्या 'रिच' आणि 'लीन'ला मराठीत काय लिहायचं?

पुतण्याने नायट्रोवर चालणारी रिमोटची गाडी घेतलीय, साडेतीन सीसीचं इंजिन. कार्बोरेटर मॉडिफाय करायचा म्हणतोय, म्हणून त्याच्यासाठी ट्युनिंग मराठीत लिहून द्यायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. रिचला घट्ट आणि लीनला पातळ लिहिलं तर चालेल का?

—

दादा, पातळ अजिबात लिहू नका. आपल्याकडे आमटी पातळ झाली म्हणजे पाणी जास्त झालं, तसं पोराला वाटणार फ्युएल जास्त झालं, आणि लीन म्हणजे नेमकं उलटं, हवेच्या मानाने फ्युएल कमी. मी ओलं आणि कोरडं म्हणतो. गॅरेजमध्ये 'प्लग ओला झालाय' म्हणतातच की, तोच शब्द पुढे न्यायचा. कोरडं म्हटलं की धोकाही कळतो, कारण या इंजिनात ऑइल वेगळं नसतं, मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे फ्युएल कमी केलं की ऑइलही कमी जातं, पिस्टन खरोखरच कोरडा चालतो आणि तापून जॅम होतो.

दुसरा शब्द 'आवळणे', इथे तर फारच जपा. माझं एक इंजिन यातच गेलं. बाइकवाल्या मेकॅनिकने सवयीने स्क्रू अर्धा आटा आवळला. जुन्या आरएक्स १०० सारख्या गाडीत तो हवेचा स्क्रू असतो, आवळला की हवा कमी, म्हणजे मिश्रण ओलं. आमच्या गाडीत ती फ्युएलची सुई, आवळली की फ्युएलच कमी! दोनच मिनिटं चालवली, हेडवर थुंकी टाकली तर चर्रकन उडाली, आणि इंजिन जागीच बसलं. म्हणून नुसतं 'स्क्रू आवळ' लिहू नका, 'सुई आवळ, कोरडं होईल' असं पूर्ण लिहा, आणि फिरवताना एका वेळी आट्याचा आठवा भागच.

—

आणि व्हेंचुरीला? पुतण्याला तिथेच तर फेरफार करायचाय, भोक मोठं करणार म्हणतो.

—

मी गळा म्हणतो. हवा जाते तो गळा, आणि चोक म्हणजे तोच दाबणं, त्यामुळे अर्थ आपोआप जुळतो. (तुंबलेल्या जेटला आपण चोकअप म्हणतो तो वेगळा, तो इथे आणू नका.) गळा अरुंद असला की हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि फ्युएल नीट ओढलं जातं, म्हणून कमी रेसला गाडी गुळगुळीत उचलते आणि टाकी जास्त वेळ पुरते, पण वरच्या रेसला दम कमी पडतो. मोठा केला की वर दम येतो पण ट्रिगर दाबला की खालून अडखळते. आणि कानस मारून मोठा केलेला गळा परत लहान होत नाही हो. त्याला सांगा, आधी वेगवेगळ्या मापाच्या इन्सर्ट रिंगा बसवून बघ.

सेटिंग तपासायला 'चिमटी' हा शब्द वापरा: इंजिन गरम झालं की स्लोवर ठेवून कार्बोरेटरजवळची फ्युएलची नळी चिमटीत दाबायची. तीन-चार सेकंदांनी रेस किंचित वाढून बंद पडलं तर ठीक, लगेच बंद पडलं तर खालची सुई (स्लो आणि कमी रेसचं फ्युएल ठरवणारी) कोरडी, बराच वेळ चालत राहिलं तर ओली.