शब्दचर्चा : हवामान 'मदत', 'भरपाई' की 'कर्ज'?

धुळ्याहून प्रश्न : 'क्लायमेट फायनान्स'ला (हवामान बदलाला तोंड द्यायला देशांसाठी उभा केलेला पैसा) वर्तमानपत्रं कधी 'हवामान मदत' म्हणतात, कधी 'हवामान निधी'. 'लॉस अँड डॅमेज' (हवामान बदलानं होणारी हानी) तर सर्रास 'नुकसानभरपाई' होतं. अकरावीच्या मुलांना काय सांगू?

रावेरहून : सर, 'मदत' नका सांगू. जूनच्या वादळात कापणीला आलेली केळी आडवी होते तेव्हा आपल्याकडे तीन शब्द तीन अर्थांनी वापरतात. तलाठ्याच्या पंचनाम्यावर सरकार देतं ती मदत, देईल तेवढी घ्यायची. फळपीक विम्याची मिळते ती भरपाई. हप्ता भरलाय, मागायचा हक्क आहे. आणि सोसायटीचं कर्ज, ते बाग झोपली तरी उभंच.

जगाच्या पातळीवर हेच तिन्ही शब्द एकात मिसळतात. 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी गरीब देशांसाठी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलं. आकडा गाठायला 2022 उजाडलं, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा. 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज ठरले, त्यातही कर्ज धरलं जाणारच. त्याला मदत म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. धूर सोडला कोणी, व्याज भरतंय कोण!

'भरपाई'ही बसत नाही. 2015 च्या पॅरिस हवामान परिषदेच्या निर्णयात स्पष्ट लिहिलंय की लॉस अँड डॅमेजच्या कलमावरून दायित्व किंवा भरपाई मागता येणार नाही. तेव्हा 'हानी-निधी' म्हणा.

जळगावहून : पण भाऊ, पोकरातून (राज्याचा हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प) आम्हाला ठिबक मिळालं ते अनुदानच होतं ना?

रावेरहून : दादा, तुमच्यासाठी अनुदान, राज्यासाठी कर्ज. सुमारे 4,000 कोटींच्या त्या प्रकल्पात 70 टक्के पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा होता.

धुळ्याहून : मग 'अनुकूलन'ला, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायच्या कामांना, पैसा कमी का, हेही मुलं विचारतात.

रावेरहून : साक्रीच्या सौर प्रकल्पाची वीज विकली जाते, त्यातून कर्ज फिटतं, म्हणून गुंतवणूकदार येतो. बांधबंदिस्तीनं विहिरीला पाणी वाढतं, पण त्याचं बिल कोणाला फाडणार? म्हणून अनुकूलनाला कर्ज नाही, अनुदान लागतं. मुलांना 'हवामान-वित्त' शिकवा, आणि प्रत्येक आकड्यापुढे कंसात 'कर्ज' की 'अनुदान' लिहायला लावा.