क्रिस्तपुराणाच्या अभ्याससहलीत सेंट पॉल आणि राशोल एका दिवसात होईल का?

प्रश्न

एम.ए. मराठीचे 22 विद्यार्थी आहेत. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण (बायबलची कथा सांगणारं ओवीबद्ध मराठी काव्य) अभ्यासक्रमात आहे, म्हणून जेझुइटांची, म्हणजे ते ज्या कॅथलिक धर्मसंघाचे होते त्याची, दोन्ही विद्यालयं दाखवायची आहेत: जुन्या गोव्याचं सेंट पॉल कॉलेज आणि राशोलची सेमिनरी (पाद्री घडवणारी शाळा). राशोलला 1616 ची प्रत पाहायला मिळेल ना? वेळ आणि क्रम कसा लावावा?

उत्तर 1

प्रतीचं आधी सांगतो, कारण मुलांना तसं सांगून नेलंत तर हिरमोड होईल. 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांपैकी एकाचीही प्रत कुठेच उरलेली नाही. आज आपण वाचतो तो पाठ हस्तलिखितांवरून आलेला आहे. 1907 ची मंगळूरची आवृत्ती रोमी (रोमन) लिपीत आहे. संपादक बांदेलूंची 1956 ची देवनागरीत आहे. लंडनला मार्सडेन संग्रहातलं हस्तलिखितही देवनागरीतच. राशोलला जायचं ते जागा पाहायला, पुस्तक पाहायला नव्हे.

आणि ती जागा आजही चालती सेमिनरी आहे, पर्यटनस्थळ नाही. रेक्टरांच्या नावे संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या. त्यात संख्या, तारीख आणि हेतू लिहा. परीक्षांचे दिवस टाळा.

जुन्या पुस्तिकांमध्ये ख्रिस्ती कला संग्रहालय राशोलला असल्याचं छापलेलं असतं. ते 1994 साली तिथे सुरू झालं खरं, पण 2002 पासून जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या कॉन्व्हेंटात आहे. त्यामुळे ते सकाळच्या भागात घ्या.

उत्तर 2

सेंट पॉलचं आज फक्त दर्शनी महाद्वार उभं आहे: जांभ्या दगडाची कमान, वर कोनाडा, दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे खांब. बॉम जीझस चर्चपासून पूर्वेकडे रस्त्यालगत आहे, बसमधून सहज निसटतं. चालकाला आधीच सांगून ठेवा. पाहायला दहा मिनिटं पुरतात, पण तिथे बोलायला अर्धा तास ठेवा. 1556 साली भारतातलं पहिलं छापयंत्र उतरलं ते याच कॉलेजात. खरं तर ते ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघालं होतं, गोव्यात राहून गेलं. साथींच्या रोगांमुळे जेझुइटांनी ही जागा सोडली आणि 1832 मध्ये इमारत पाडली गेली. कमान तेवढी राहिली.

तिथून फोंडा, बोरी पूल, राय असं राशोल गाठा. एक-सव्वा तास धरा. गावात शिरताना जुन्या किल्ल्याची वेस लागते, तिथेच उतरवून थोडं चालवा. कॉलेज किल्ल्याच्या आत का बांधलं, हे मुलांना आपोआप कळतं.

उत्तर 3

माझ्या मते दोन्ही जागांपेक्षा जास्त वेळ रोमी पाठाला द्यावा, आणि तो सहलीच्या आदल्या दिवशी. मुलं इंग्रजीच्या सवयीने वाचतात आणि तिथेच फसतात. एक्स म्हणजे क्ष नव्हे, श. स्वराआधीचा यू बहुधा व असतो. म्हणून व्ही, आय, एक्स, यू, ए याचा उच्चार 'विश्व'. क्यू आणि एच मिळून ख. दोन एल म्हणजे ळ, दोन एन म्हणजे ण. 'चोखळा' हा शब्द फळ्यावर रोमीत लिहून सोडवायला द्या, एका शब्दात ख आणि ळ दोन्ही येतात.

खरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. अ आणि आ दोन्हींना एकच अक्षर, त्यामुळे अर्थ डळमळतो. उपाय म्हणजे मोठ्याने वाचणं. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. कान लागला की स्वर कुठे लांबवायचा ते यमकच सांगतं.

उत्तर 4

एक भर. वाटेत कुणीतरी विचारेलच की गोव्यातल्या पाद्र्याने पुराण मराठीत का लिहिलं. 1622 ला राशोललाच छापलेली स्टीफन्सची 'दौत्रिन क्रिस्तां' ही ख्रिस्ती धर्मशिकवणीची पुस्तिका कोंकणीत आहे आणि 1640 चं त्यांचं व्याकरणही कोंकणीचंच. रोजची शिकवण घरच्या भाषेत दिली, पण ज्या नवख्रिस्ती लोकांच्या कानावर आधी पुराणं होती त्यांच्यासाठी ओवी मराठीत. मराठी-कोंकणी वादात शिरण्यापूर्वी ही तिन्ही पुस्तकं शेजारी ठेवून दाखवा.

आणि परतीला मडगावमार्गे या, राशोलहून ते जवळ पडतं.