मदत हवी आहे: सेशन डेटाबेसमध्ये नेल्यापासून डेटा अधूनमधून जुनाच दिसतो (पीएचपी, मायएसक्यूएल)

नमस्कार मंडळी,

पीएचपीचं एक ॲप्लिकेशन एकाच सर्व्हरवर सुखाने चाललं होतं. आता लोड बॅलन्सरमागे (रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटून देणारा) दोन सर्व्हर आले आणि नेहमीचं दुखणं सुरू झालं: सेशनची (यूजरची लॉगिन वगैरे माहिती ठेवणारी) फाइल एका सर्व्हरवर, पुढची रिक्वेस्ट दुसऱ्यावर, की यूजर लॉगआउट. स्टिकी सेशनवर (एक यूजर कायम एकाच सर्व्हरकडे) वेळ मारून नेता आली असती, पण एक सर्व्हर बंद केला की त्यावरचे सगळे बाहेर. म्हणून सेशन मायएसक्यूएलमध्ये नेले.

टेबलात आयडी, डेटा आणि शेवटच्या वापराची वेळ. हँडलरचा (सेशन वाचणारा-लिहिणारा) क्लास हाताने लिहिलाय: रीड म्हणजे साधं सिलेक्ट, राइट म्हणजे रिप्लेस. लॉगिन व्यवस्थित टिकतं. पण डॅशबोर्ड उघडला की चार-पाच एजॅक्स (पान न बदलता मागून जाणाऱ्या) रिक्वेस्ट एकदम सुटतात, त्यातली एक निवडलेला फिल्टर सेशनमध्ये ठेवते. कधी तो राहतो, कधी आधीचाच परत येतो. लॉगमध्ये एकही एरर नाही. फाइलवर परत नेलं की सगळं सुरळीत!

दुसरं, जुन्या नोंदी साफच होत नाहीत. जीसी (जुनी सेशन पुसणारी) मेथड हाताने चालवली तर डिलीट करते. सर्व्हर उबुंटूचे आहेत.

रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा सर्व्हर) सुचवू नका प्लीज, आणखी एक सर्व्हिस सांभाळायला माणूस नाही.

प्रतिसाद १

फाइलवर चालतं, कारण फाइलचा हँडलर सेशन उघडतानाच लॉक (एका वेळी एकच रिक्वेस्ट आत) घेतो आणि सेशन बंद होईपर्यंत सोडत नाही. एजॅक्सच्या रिक्वेस्ट तिथे गुपचूप रांगेत उभ्या असायच्या. तुमच्या रीडमध्ये लॉकच नाही. सेशन ही सगळा डेटा गुंडाळून (सिरियलाइझ करून) केलेली एकच स्ट्रिंग; एक रिक्वेस्ट ती वाचून बसते, तेवढ्यात दुसरी फिल्टर बदलून लिहिते, मग पहिली आपली जुनी प्रत त्यावर लिहून मोकळी होते. तिने काही बदललं नसलं तरी! लेझी राइट (डेटा बदलला नसेल तर न लिहिणं) पीएचपी ७.० पासून आहे खरं, पण क्लासमध्ये टाइमस्टॅम्प अपडेट करणारी वेगळी मेथड नसेल तर पीएचपी राइटच बोलावतं.

रीडच्या सुरुवातीला मायएसक्यूएलचं गेट_लॉक (नावाने लॉक देणारं फंक्शन) घ्या, क्लोजमध्ये रिलीज_लॉक. सिलेक्ट फॉर अपडेटही (ओळ वाचतानाच लॉक करणारं) चालतं, पण नव्या सेशनची ओळ अजून नसते तिथे ते त्रास देतं. लॉकच्या नावाला मायएसक्यूएल ५.७ पासून ६४ अक्षरांची मर्यादा आहे, तेव्हा आयडीला लांबलचक प्रीफिक्स नको.

जीसीचं कोडं उबुंटूचं. तिथे जीसी प्रॉबेबिलिटी (पीएचपीने स्वतः जीसी चालवण्याची शक्यता) ० असते आणि सफाई सिस्टिमच्या टायमरवर सोडलेली असते. त्याला फक्त फाइली कळतात, तुमचं टेबल नाही. डिलीट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा) टाका, वेळेच्या कॉलमवर इंडेक्स घाला.

प्रतिसाद २

डेटाचा कॉलम टेक्स्ट असेल तर ब्लॉब (कच्च्या बाइटसाठीचा प्रकार) करा. ऑब्जेक्टच्या प्रायव्हेट प्रॉपर्टी सिरियलाइझ होताना नल (शून्य मूल्याच्या) बाइट येतात. शिवाय दोन्हींची मर्यादा ६५,५३५ बाइट. मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारा) बंद असला तर पुढचं कापलं जातं आणि सेशन वाचताच येत नाही. मोठा डेटा असेल तर मीडियमब्लॉब (ब्लॉबचाच मोठा प्रकार).

मूळ धागाकर्ता

गेट_लॉक लावलं, फिल्टर आता जागेवर राहतो. क्रॉनही सुरू केला. दोघांचे आभार. पण रिपोर्टची रिक्वेस्ट बराच वेळ घेते आणि बाकीच्या तिच्यामागे अडकतात. ती सेशनमधून फक्त यूजर आयडी वाचते. तिथे सेशन लगेच बंद केलं तर चालेल ना?

प्रतिसाद १

बिनधास्त. सेशन सुरू करतानाच रीड अँड क्लोजचा (वाचून लगेच बंद) पर्याय द्या, पीएचपी ७.० पासून आहे. फक्त त्यानंतर त्या रिक्वेस्टमध्ये सेशनमध्ये काही टाकलंत तर ते साठणार नाही, आणि एररही येणार नाही.