मदत हवी आहे: मोकळ्या शेतातल्या हरणासाठी स्लग गन कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी मध्य इलिनॉयमध्ये, ब्लूमिंग्टनच्या जवळ राहतो. यंदा आमच्या काउंटीचं फायरआर्म डिअर परमिट लॉटरीत लागलंय. आतापर्यंत मी झाडीतच बसत आलोय. बंदूक मित्राची, बारा बोअरची पंप शॉटगन, गुळगुळीत नळीची, पुढे नेमासाठी नुसता मणी. चाळीस-पन्नास यार्डांवर तिने कधी दगा दिला नाही.

यंदा जागा बदलली. ओळखीच्या एका शेतकरी काकांनी त्यांच्या शेतात परवानगी दिलीय, कारण व्हाइटटेल हरणं त्यांचं सोयाबीन फस्त करतात. पण नोव्हेंबरात मका-सोयाबीनची कापणी झालेली असते, त्यामुळे सगळं उघडं. ओढ्याकाठी झाडांची एक रांग आणि मधून गवताची एक पट्टी, बाकी कुठे आडोसा नाही. दिवस मावळताना हरणं ओढ्यातून निघतात आणि कुंपणापासून शंभर ते दीडशे यार्डांवरून जातात. या अंतरावर मण्याच्या भरवशावर बार टाकणं मला पटत नाही. नुसतं जखमी झालेलं जनावर दुसऱ्याच्या शेतात जाऊन तडफडत मरावं, हे माझ्या हातून होऊ द्यायचं नाही. म्हणून स्लगसाठीच बनवलेली स्वतःची बंदूक घ्यायची ठरवलंय.

ज्यांना इथले नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी: इलिनॉयमध्ये हरणासाठी नेहमीची हाय-पॉवर रायफल चालत नाही. जमीन सपाट, मधेमधे घरं आणि रस्ते, चुकलेली गोळी फार लांब जाते. म्हणून शॉटगनमधून एकच जड गोळी, म्हणजे स्लग. बंदुकीतून एका दमात तीनपेक्षा जास्त स्लग सुटता कामा नयेत. २०२३ पासून सरळ भिंतीच्या (तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या) काडतुसांच्या सिंगल-शॉट रायफललाही परवानगी आहे.

डोक्यात तीन पर्याय आहेत: सॅव्हेज २२० (वीस बोअर, बोल्ट), मॉसबर्ग ५०० स्लगस्टर, किंवा वापरलेली रेमिंग्टन ८७० घेऊन तिला कॅन्टिलिव्हरची रायफल्ड नळी, म्हणजे आतून आट्या असलेली आणि स्कोप नळीवरच बसणारी. स्कोपसकट हजार डॉलरच्या आत बसवायचंय. वीस बोअर (बारापेक्षा बारीक नळी) दीडशे यार्डांना पुरते का? आणि बोल्टसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात खरंच अर्थ आहे का?

(भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथे परमिट मोजून देतात, लांडगे-प्यूमा या भागातून कधीच गेले. ज्यांना शिकारच पटत नाही त्यांच्याशी मी वेगळ्या धाग्यावर मनापासून बोलेन, इथे कृपया बंदुकीवरच बोलूया.)

— माळरान

नदीकाठ:
सॅव्हेज २२० घ्या. कारण सांगतो, कारण ते कळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

पंप बंदुकीची नळी सुटी असते. साफसफाईसाठी आणि छर्ऱ्यांची नळी बदलण्यासाठी ते सोयीचं, पण रिसीव्हरमध्ये (बंदुकीच्या मधल्या सांगाड्यात) ती थोडी सैल बसते. दुकानात ८७० किंवा ५०० हातात घ्या, रिसीव्हर एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने नळीचं टोक हलकेच पिळून बघा. बहुतेक वेळा किंचित खेळ जाणवतो. पन्नास यार्डांवर त्याने काही बिघडत नाही. दीडशेवर तोच खेळ तिप्पट होऊन दिसतो. स्कोप रिसीव्हरवर असेल तर नळी एकीकडे बघते आणि स्कोप दुसरीकडे. कॅन्टिलिव्हरमध्ये स्कोप नळीवरच बसतो, त्यामुळे हा दोष बराच कमी होतो, पण नळी स्थिर नाही ती नाहीच. काही लोक गनस्मिथकडून पिन मारून नळी पक्की करून घेतात. म्हणजे शेवटी बंदूक स्लगचीच झाली, मग आधीच स्लगची का घेऊ नये?

२२० मध्ये नळी रायफलसारखी कायमची बसवलेली आहे, ट्रिगर हलका करता येतो, मॅगझिन दोनचं. दोन आणि चेंबरमध्ये एक, तुमचा तीनचा नियम आपोआप पाळला जातो.

वीस बोअर पुरते. बारा बोअरचे वेगवान सॅबो (प्लास्टिकच्या आवरणातले, आट्यांच्या नळीसाठीचे स्लग) खांद्याला इतका दणका देतात की चार-पाच बारांनंतर माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतो. वीस बोअरचा अडीचशे ग्रेनच्या आसपासचा सॅबो सेकंदाला साधारण अठराशे फुटांनी निघतो. हरणाला तेवढा खूप झाला.

आणि महत्त्वाचं: रायफल्ड नळीत फॉस्टर स्लग घालू नका. ते गुळगुळीत नळीसाठी आहेत, शिसं आट्यांना चिकटतं आणि नेम पसरतो. उलट गुळगुळीत नळीत सॅबोला फिरकी मिळत नाही, पैसे वाया.

ओहायोची_सई:
नदीकाठ यांच्याशी सहमत, पण एक वेगळा पर्याय. आमच्या ओहायोत सरळ भिंतीच्या काडतुसांना २०१४ पासून परवानगी आहे आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी स्लग गन कपाटात ठेवून दिल्या. तुमच्याकडे सिंगल-शॉट चालते ना? मग .३५० लेजंड या काडतुसाची सिंगल-शॉट बघा. धक्का नावापुरता, बंदूक स्वस्त, आणि वीस काडतुसांचं खोकं साधारण त्याच किमतीत मिळतं ज्यात पाच सॅबो येतात. सराव भरपूर करता येतो, आणि मोकळ्यावर सरावाइतकं मोलाचं काही नाही.

नदीकाठ:
सई, मुद्दा रास्त. पण सिंगल-शॉटमध्ये दुसरा बार पटकन टाकता येत नाही. पहिला थोडा मागे लागला तर मोकळ्यावर हरीण पळताना दिसत असतं, तेव्हा हातात दुसरी गोळी हवी असं माझं मत.

सह्याद्रीपार:
बंदुकीइतकाच वाऱ्याचा विचार करा. झाडीत वारा कळतच नाही. इलिनॉयच्या त्या सपाटीवर नोव्हेंबरात ताशी दहा-पंधरा मैल वारा म्हणजे शांत दिवस. स्लग जाड आणि बोथट, दीडशे यार्डांवर आडव्या वाऱ्याने अर्धा फूट, कधी त्याहून जास्त सरकतो. हरणाचा मर्माचा भाग जेमतेम आठ इंचांचा. शिवाय शंभरवर झिरो केलं, म्हणजे स्कोपचा नेम जुळवला, तर दीडशेला गोळी चार-पाच इंच खाली. दोन्ही एकत्र आलं तर बार पोटात. म्हणून वारा असेल त्या दिवशी स्वतःची मर्यादा शंभरवर आणा, बंदूक कितीही महागाची असो.

रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि शूटिंग स्टिक्ससाठी (बंदूक टेकवायच्या काठ्या) बजेटमध्ये जागा ठेवा. उघड्या शेतात अंतर डोळ्यांनी कमीच वाटतं. आणि मागे काय आहे ते बघा. उतार किंवा ओढ्याची दरड मागे नसेल तर बार नाही. जमलं तर काकांना विचारून थोडी उंच जागा घ्या, म्हणजे गोळी जमिनीत जाते.

आणखी एक, वाचणाऱ्या इतरांसाठी: एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक, अगदी उसनीसुद्धा, बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. इलिनॉयमध्ये शिवाय फॉइड कार्ड (बंदूकधारकाचं राज्याचं ओळखपत्र) लागतं. आधी हे बघा, मग दुकानात जा.

माळरान:
सगळ्यांचे मनापासून आभार. माझं ग्रीन कार्ड आहे, फॉइडही आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

काल दुकानात जाऊन नळी पिळून बघितली. ५०० मध्ये खेळ हाताला स्पष्ट लागला, २२० मध्ये काहीच हललं नाही. .३५० चा मोह झाला, सई, पण दुसऱ्या गोळीचा मुद्दा मला जास्त पटला. २२० बुक केलीय. दुकानदार ९ पटीचा स्कोप गळ्यात मारत होता. मी ७ पटीचा म्हणतोय. कमी पडेल का?

नदीकाठ:
अजिबात नाही. २ ते ७ उत्तम. संध्याकाळी मोठी पट लावली की चित्र काळवंडतं आणि जवळून आलेलं हरीण सापडत नाही. फक्त आय रिलीफ (डोळा आणि स्कोपमधलं अंतर) साडेतीन इंचांहून कमी नको, नाहीतर भुवई फुटेल.

सॅबोचे तीन वेगवेगळे ब्रँड एकेक खोकं आणा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, शेजाऱ्याच्या २२० ला चालणारा तुमच्यात पसरू शकतो. दर बारानंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. जो ब्रँड शंभरवर तीन इंचांत बसेल त्याच लॉटची जास्तीची खोकी लगेच घेऊन ठेवा, सीझन जवळ आला की दुकानात मिळत नाहीत. मग त्याच स्लगने स्टिक्सवरून, बसून, दीडशेवर मारून बघा. बेंचवरचा नेम शेतात कामाचा नाही.

माळरान:
शनिवारी रेंजवर जातोय, तिन्ही ब्रँडच्या कागदांचे फोटो इथेच टाकतो. सह्याद्रीपार, ओढ्याच्या दरडीकडे तोंड करून बसायची जागा काकांनी दाखवलीय. तिथून सर्वांत लांबचा बार एकशे वीस यार्डांचा पडतो, त्यापुढे मारणार नाही.