डीपीच्या खोलीतली चुरचुर

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. डीपीच्या खोलीतून चुरचुर ऐकू येते अशी तक्रार होती, सकाळी तासभर लाइट बंद होती ती यासाठीच. ठेकेदाराने ११ केव्हीच्या केबलला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला, रीडिंग उत्तम आलं. आवाजबिवाज काही नाही म्हणतो. विषय मिटला समजायचं ना?

बी-२०३: दिवसा कसा येईल आवाज? रात्री जेवून खाली फेरी मारायला या. तव्यावर बांगडा सोडल्यासारखी चुरचुर असते. आणि झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला वास.

ए-३०२: तो वास ओझोनचा. माझी सगळी नोकरी केबलीत गेली म्हणून सांगतो, मेगर चांगला आला म्हणजे केबल निर्दोष, असं नसतं. मेगर डीसी देऊन एकूण गळती सांगतो. इथे इन्सुलेशन आरपार गेलेलंच नाही. पोटात हवेची बारीक पोकळी असेल किंवा टर्मिनेशनवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडणीवर, खार बसला असेल, तर तेवढ्याच जागी ठिणग्या पडतात. हवा मिलिमीटरला साधारण ३ किलोव्होल्टच सोसते, केबलच्या इन्सुलेशनचं एक्सएलपीई प्लास्टिक कितीतरी जास्त. म्हणजे आधी हवा हार मानते. याला पार्शल डिस्चार्ज, पीडी म्हणतात. मोजमाप पिकोकूलॉम्बमध्ये, म्हणजे विद्युतभाराच्या अगदी कणभर मापात, इतकं क्षुल्लक. पण रोज पोखरतं.

सी-१०४: काका, आमच्याकडे मिक्सरच्या प्लगला चटचट होतं. तेही हेच का?

ए-३०२: नाही गं, २३० व्होल्टला हा प्रकार नसतो. प्लग किंवा सॉकेट सैल असणार. ते मात्र आजच बघ.

सेक्रेटरी: म्हणजे जागा शोधायला अंगण खणायचं? पेव्हर ब्लॉक आत्ताच घातलेत!

ए-३०२: एक फरशी उचलायची नाही. केबलच्या स्क्रीनच्या, म्हणजे इन्सुलेशनवरच्या धातूच्या आवरणाच्या, अर्थिंगवर चिमट्यासारखा सेन्सर बसवतात. ठिणगीचा एक स्पंद थेट येतो, दुसरा पलीकडच्या टोकावर आपटून उशिरा. दोघांतल्या वेळेवरून अंतर निघतं. पण आपल्याला ते लागेल असं वाटत नाही. जमिनीखालची चुरचुर कानाला येत नाही, म्हणजे दोष टर्मिनेशनवरच असावा. मांडवीकडून खारा वारा येतो, रात्री दव पडतं, दोन्ही मिळून काम करतात. अल्ट्रासोनिकवाला आणा, तो बाहेरूनच ऐकून सांगेल.

बी-२०३: खारच आहे तर वॉचमनला सांगतो, पाइपने धुऊन काढेल.

ए-३०२: अरे बाबा!!! त्या खोलीचं दारसुद्धा कोणी उघडायचं नाही. लाइन बंद करून, अर्थ करून, माहीतगारानेच हात लावायचा. गरज पडली तर टर्मिनेशनचं नवीन किट.

सेक्रेटरी: ठीक. ठेकेदाराला पीडी टेस्टवाला घेऊन बोलावते. रात्री दहानंतर.

बी-२०३: मला हाक मारा, कुठे चुरचुरतं ते दाखवतो. लांबूनच.

सी-१०४: काका, प्लग काढून बघितला. एक पिन काळी पडलेय.